एक्केचाळीस नंबरची बरणी

मलकापुरात शार्क मासा हाताळण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. ही बढाई नव्हे. गावात दुसरं कुणी त्या भानगडीत पडलंच नाही, म्हणून पहिला नंबर आपोआप माझा. एकतीस वर्षं मी इथल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात, प्रयोगशाळा परिचर होतो. या काळात शेकड्यांनी शार्क माझ्या हाताखालून गेले. समुद्र मात्र नोकरी संपेपर्यंत एकदाही पाहिला नाही. आमची बायको म्हणते, तुमचं म्हणजे नवरदेव न पाहताच एकतीस वरातींत नाचल्यासारखं झालं.

शार्क म्हटलं की लोकांना होडी उलटवणारा राक्षस आठवतो. आमचा शार्क हातभर लांबीचा. कोकणात त्याला मुशी म्हणतात आणि कालवण करून खातात. आम्ही त्याला स्कॉलिओडॉन म्हणायचो आणि त्याच्या डोक्यातल्या नसांवर पोरांना पास-नापास करायचो. मुंबईहून पत्र्याच्या डब्यात, फॉर्मॅलिनमध्ये बुडवून, रेल्वे पार्सलनं तो मलकापूरला यायचा. फॉर्मॅलिन म्हणजे मेलेलं जनावर सडू न देणारं औषध. जिवंत माणसाच्या डोळ्यांना मात्र ते फार झोंबतं.

एकदा डबा वाटेत फुटला आणि पार्सल ऑफिसात वास सुटला. तिथल्या बाबूंनी मला तातडीनं बोलावून घेतलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं त्यांच्या. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "भाऊ, खरं सांगा, याच्यात कोन हाये?" मी मासे आहेत म्हणालो. असल्या वासाचे मासे कोण खातं, असं त्यांनी विचारलं. आम्ही खात नाही, शिकतो, असं मी सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसेना. शेवटी डबा उघडून आतली रांग दाखवावी लागली. तेव्हापासून पार्सल आलं की त्यांचा निरोप यायचा, भाऊ, तुमचे पाहुणे उतरले. कापसाच्या गठाणींचं ते स्टेशन, पण इतक्या अदबीनं निरोप कोणत्याच गठाणीचा जात नसेल.

माझं काम सांगतो. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना पाण्यात ठेवायचं, म्हणजे औषधाचा जोर कमी होतो. आमच्याकडे नळ येणार तेव्हा येणार, त्यामुळे ड्रम भरून ठेवायचे. मग मेणाचा तळ असलेल्या ट्रेमध्ये एकेक मासा टाचण्यांनी पक्का करायचा. शार्कच्या अंगात हाड नसतं. आपला कान वरच्या बाजूला जसा लवतो, तसा त्याचा सगळा सांगाडा. विद्यार्थ्यानं चाकूनं डोक्याची ही कवटी पातळ पातळ खरवडायची, खोबऱ्याची काळी पाठ काढतो तशी, आणि खालच्या नसा न तोडता मोकळ्या करून दाखवायच्या. हात जरा चुकला की नस तुटली, आणि वर्षही गेलं.

आता परिचरानं परीक्षेत बोलायचं नसतं, हा नियम. पण खोकायला बंदी नव्हती. एखाद्या पोराचा चाकू भलतीकडे निघाला की मी एकदा खोकायचो. फारच भलतीकडे निघाला तर दोनदा. पोरं शहाणी होती. खोकला आला की हात जागीच थांबायचा. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला खडीसाखर देऊ केली आणि म्हणाले, दरवर्षी परीक्षेतच बरा तुम्हाला खोकला होतो. मी खडीसाखर खाल्ली आणि तिसऱ्या टेबलाजवळ जाऊन पुन्हा खोकलो. माझ्या खोकल्यावर किती पोरं बी.एस्सी. झाली, ते त्यांच्या बायकांनाही ठाऊक नसेल.

या खोकल्याचा मला अभिमान होता. पुढं जे झालं ते त्यामुळेच जास्त लागलं.

आमचे विभागप्रमुख वैद्य सर. बुलढाण्याचे, उंच, पांढरा शर्ट, खिशात लाल खडू. चांगला माणूस. मला कधी अरेतुरे केलं नाही. समुद्राशी त्यांची ओळख इतकीच की एका लग्नाला मुंबईला गेले असताना चौपाटीवर उभ्यानं भेळ खाल्ली होती. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांचं एक लेक्चर व्हायचं, डॉल्फिन आणि शार्क यांच्यावर, आणि ते ऐकायला कॉमर्सची पोरं खिडक्यांत बसायची. सर फळ्यावर दोघांना समोरासमोर काढायचे. शार्कची शेपटी उभी, ती डावी-उजवी हलते. डॉल्फिनची आडवी, ती वर-खाली हलते, कारण तो मासा नाही, दूध पाजणारा प्राणी आहे. इथपर्यंत सगळं खरं. मग सरांच्या अंगात यायचं. दहा डॉल्फिन शार्कला घेरतात, हा असा तोंडाचा हातोडा करतात आणि त्याच्या कल्ल्यांवर, पोटावर धडका देतात. लाल खडू फळ्यावर आपटून मोडायचा. शार्क पळत सुटायचा. टाळ्या पडायच्या. मग हात झटकत सर म्हणायचे, "जिथं डॉल्फिन आहे, तिथं शार्क फिरकत नाही. लिहून घ्या."

आणि पोरं लिहून घ्यायची.

आमच्या संग्रहालयात, म्हणजे चार काचेच्या कपाटांत, डॉल्फिनची एकच वस्तू होती. एक्केचाळीस नंबरची बरणी. कुठल्याशा किनाऱ्यावर मरून लागलेल्या डॉल्फिनचा पाठीवरचा पर, म्हणजे पोहताना पाण्याबाहेर दिसतो तो त्रिकोण, आणि त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंची वीतभर कातडी. माझ्याही आधीपासून ती तिथं होती. मे महिन्यात मलकापूरच्या उन्हानं बरण्यांतलं औषध उडतं, तेव्हा प्रत्येक बरणी उतरवून पुसायची आणि भरायची. अशाच एका मे महिन्यात मला त्या कातडीवर, डाव्या अंगाला, टोकदार वणांची एक ओळ दिसली. अर्ध्या भाकरीच्या कडेसारखी गोल. दहा वर्षं मी ती बरणी पुसत होतो आणि बरणीच तेवढी पाहत होतो.

शेजारच्या कपाटात लाकडी फळीवर एका मोठ्या शार्कचा जबडा लावलेला होता. मी तो काढला आणि बरणीला लावून पाहिला. तोच शार्क असेल असं नाही, पण वळण तेच होतं, दातांतली अंतरंही तशीच. म्हणजे जिथं डॉल्फिन होता, तिथं शार्क फिरकला होता. चांगला जेवायच्या तयारीनं फिरकला होता.

त्या वर्षी लेक्चरच्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेलो. म्हणालो, सर, ती एक्केचाळीस नंबरची बरणी. सर आरशात बघून केस नीट करत होते. म्हणाले, भाऊ, लाल खडू दोन द्या, मागच्या वर्षी एक पुरला नव्हता. बाहेर पोरं खिडक्यांत चढून बसलेली दिसत होती. मी दोन खडू दिले. नंतर कपाटाकडे गेलो आणि बरणीचं डावं अंग भिंतीकडे फिरवून ठेवलं.

पुढं ती रीतच पडली. लेक्चरच्या सकाळी खडू, डस्टर, पाण्याचा ग्लास, आणि एक्केचाळीस नंबर भिंतीकडे. परीक्षेत ओळखायला बरण्या मांडतात, त्यातही मी ती उलटीच मांडायचो. सरांचा मान राखतोय असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे टाळ्या मलाही आवडायच्या. खडू माझेच होते ना.

अशी नऊ वर्षं गेली. मग शीतल आली.

शीतल सोनाळ्याची. घरी शेती, बाप सकाळी संत्र्याच्या बागेत जाणारा, आणि ही पोरगी प्रश्न विचारून विचारून मास्तरांना दमवणारी. शार्कच्या डोक्यावरची छिद्रं कशाची, इतर कुणी विचारलं नाही, तिनं विचारलं. त्यातून त्याला दुसऱ्या जिवाच्या अंगातली बारीकशी वीजही कळते, हे ऐकून ती म्हणाली, मंग त्याच्यापासून लपता नाही येत कोनाले. सरांच्या लेक्चरनंतर ती तासभर फळ्यासमोर उभी होती. पुसू देईना. तिला समुद्राचं वेड लागलं ते त्या दिवशी, आणि ते सरांनी लावलं, हे श्रेय कुणाला हिरावून घेता येणार नाही.

बी.एस्सी. झाल्यावर तिनं किनाऱ्यावरच्या एका केंद्रात जागेसाठी अर्ज केला. डॉल्फिनच्या नोंदी ठेवण्याचं काम, त्यावरच पुढचं शिक्षण. मुलाखतीचं बोलावणं आलं. बापानं सांगितलं होतं, हे झालं तर ठीक, नाही तर पाहुणे बघायला येऊन राह्यले. जाण्याआधी ती दोन दिवस लॅबमध्ये बसून सगळं चाळत होती. एक्केचाळीस नंबरची बरणीही तिनं पाहिली. अर्थात मी ठेवली होती त्याच बाजूनं. मी समोर उभा होतो. त्या दिवशी मला खोकला आला नाही.

चार दिवसांनी ती स्टेशनवरून सरळ लॅबमध्येच आली, पिशवी खांद्यावर. स्टुलावर बसली आणि सांगू लागली. तिथं तिच्यापुढं डॉल्फिनच्या पाठीचा फोटो ठेवला होता. त्यावर अर्धगोल वण. हे कशाचं? तिनं सांगितलं, जाळ्याचं. जाळं असं गोल कापत नाही, पुन्हा बघ, म्हणाले. तिनं सांगितलं, होडीच्या पंख्याचं. तिसऱ्यांदा त्यांनी सरळच विचारलं, शार्क चावल्याचं असेल का? तेव्हा ही उसळून म्हणाली, शक्यच नाही, जिथं डॉल्फिन आहे तिथं शार्क फिरकत नाही, आमच्या सरांनी शिकवलंय. समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले. वाईट नव्हते हसले, पण हसले. जागा दुसऱ्याला मिळाली.

"सरांवर हसले ते भाऊ," ती म्हणाली. "मले त्याचाच राग आला."

मी कपाटाकडे गेलो. कपाट उघडलं, बरणी काढून तिच्यासमोर ठेवली आणि डावं अंग तिच्याकडे फिरवलं. ती बघत राहिली. तिला कळायला फार वेळ लागला नाही, हुशारच पोरगी.

"तुमाले माईत होतं?"

"हो."

"काऊन नाही सांगतलं मंग?"

"सरांचं लेक्चर होतं ना ते."

ती उठली. पिशवी परत खांद्यावर घेतली. "अन् माहं काय होतं, भाऊ?"

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. टेबलाटेबलाशी जाऊन पोरांसाठी खोकणारा मी, आणि हिला एकटीलाच त्या फोटोसमोर पाठवलं. मला स्वतःची लाज वाटली. ती अजून पुरती गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी बरणी आणि जबडा दोन्ही घेऊन मी सरांच्या टेबलाशी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, शीतलच्या मुलाखतीसकट. सरांनी चष्मा पुसला. जबडा वणाला लावून पाहिला, जसा मी पाहिला होता तसाच. मग विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे? बारा वर्षं, मी म्हणालो.

सर रागावतील, हे मी धरून चाललो होतो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरांसाठी इतकं खोकलात भाऊ, माझ्यासाठी एकदासुद्धा खोकला नाहीत."

म्हणजे माझा खोकला त्यांना ठाऊक होता. मी मान खाली घातली. मग त्यांनी बरणी उजेडाकडे धरली आणि त्यांचा आवाज बदलला. "हे बघितलंत का? जखम भरली आहे. कातडी पुन्हा जुळून आली आहे. चावा खाऊन हा जगलाय, भाऊ." मी बारा वर्षं चावाच पाहत होतो. भरलेली जखम त्यांना दोन मिनिटांत दिसली. मास्तर ते मास्तर.

त्याच आठवड्यात सर मला घेऊन सोनाळ्याला गेले. शीतलच्या वडिलांच्या अंगणात, खाटेवर बसून, तिच्यासमोर म्हणाले की चूक माझी आहे, पोरीची नाही, हिला अजून एक वर्ष द्या. विभागप्रमुख शेतकऱ्याच्या अंगणात येऊन चूक कबूल करतो, हे बघून वडील इतके गोंधळले की त्यांनी वर्षाबरोबर दोन पोती संत्रीही दिली. शीतल माझ्याशी बोलली नाही. पाण्याचा तांब्या मात्र आधी माझ्यापुढं ठेवला.

त्या वर्षी सर खूप वाचत होते, शीतलही येऊन बसायची. निवृत्तीआधीचं शेवटचं लेक्चर होतं. गर्दी नेहमीपेक्षा जास्त. सरांनी बरणी टेबलावर मध्यभागी ठेवली, डावं अंग पोरांकडे, आणि म्हणाले, इतकी वर्षं मी तुमच्या आधीच्यांना अर्धीच गोष्ट सांगितली. मग पूर्ण सांगितली. डॉल्फिन शार्कला धडका देतात हे खरं, पण रोज उठून नाही. मोठा शार्क डॉल्फिनला खातोही, पिल्लू असेल किंवा आजारी असेल तर जास्त. तो मागून आणि खालून येतो, कारण डॉल्फिन आवाज सोडून पुढचं ओळखतो, मागचं नाही. म्हणून ते कळपानं राहतात, म्हणून आया पिल्लांना घेऊन वाट बदलतात. बहुतेक वेळा मात्र दोघं एकाच पाण्यात आपापलं पोट भरत असतात, आणि काहीच होत नाही.

लाल खडू मोडला नाही. कॉमर्सवाले निम्म्यातच खिडक्यांतून उतरून चहाला गेले. टाळ्या पडल्या, पण बेतानं. सर खाली आले तेव्हा हसत होते. म्हणाले, भाऊ, खऱ्याला गिऱ्हाईक कमी. मागच्या भिंतीशी उभी असलेली शीतल तेवढी शेवटपर्यंत लिहीत होती.

पुढच्या वर्षी तिला जागा मिळाली. आता ती होडीतून जाऊन डॉल्फिनच्या पाठीवरच्या परांचे फोटो काढते. परावरच्या खाचा आणि वण पाहून कोणता डॉल्फिन कोणता ते ओळखतात म्हणे. म्हणजे मी जे बारा वर्षं भिंतीकडे फिरवत होतो, तेच ओळखणं आता तिचं काम आहे. सुट्टीत घरी आली होती तेव्हा मी विचारलं, दोघांना एकत्र पाहिलंस का गं? तिनं सांगितलं, पाहिलं. तारली माशांचा मोठा थवा होता, एका बाजूनं डॉल्फिन खात होते, दुसऱ्या बाजूला शार्क. कुणी कुणाकडे बघेना.

"दोस्त नाहीत अन् वैरीही नाहीत, भाऊ," ती म्हणाली. "भावकी हाये. बांधाला बांध लागून आहे, मंग काय करतीन?"

एवढं एक वाक्य सरांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, हे मला सुचायला हवं होतं, खिडक्या रिकाम्या झाल्या नसत्या.

मी निवृत्त झालो त्याला आता चार वर्षं होतील. शार्कची चिरफाड त्याआधीच बंद झाली, पाहुणे यायचे थांबले. कपाटं आहेत. नव्या मॅडम चांगल्या आहेत, पण बरण्यांतलं औषध उडतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, म्हणून अधूनमधून मीच डबा घेऊन जातो. या वेळी गेलो तेव्हा शेजारच्या वर्गात पडद्यावर तास चालू होता. मी मागं उभा राहिलो. निळं पाणी, डॉल्फिनचा कळप, खाली मोठ्या अक्षरांत ओळ: डॉल्फिन असतील तिथे शार्क येत नाहीत. कुठल्या तरी व्हिडिओतून उतरवून घेतलेली असणार. पहिल्या बाकावरची एक मुलगी ती वहीत लिहून घेत होती, अक्षर छान काढून.

मी खोकलो. एकदा, मग दोनदा.

सगळी पोरं वळून बघू लागली. मॅडम थांबल्या आणि काळजीनं म्हणाल्या, "भाऊ, पाणी देऊ का?"

"पाणी नको मॅडम," मी म्हणालो. "त्या पोरीचं लिहिणं जरा थांबवा. मी बरणी घेऊन येतो."